नाक्यावर थांबलेली मोटार

आमच्या खराडीच्या फ्लॅटचं माहितीपत्रक मी अजून जपून ठेवलं आहे. गुळगुळीत कागदाचं, चार पानी. २००४ साली हा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या कचेरीतल्या मुलीनं ते माझ्या हातात दिलं होतं. पहिल्या पानावर नदी, नदीकाठी झाड, झाडाखाली पेपर वाचत बसलेले एक आजोबा आणि वर ठळक अक्षरांत तीन शब्द : 'शहरात राहून शांतता'. बँकेत आयुष्य काढणाऱ्या माणसानं छापील कागदावर इतका विश्वास ठेवायचा नसतो. मी ठेवला. आणि खरं सांगायचं तर पहिली तीन-चार वर्षं त्या कागदानं मला फसवलंही नाही. खराडी पुणे महापालिकेत आली ती १९९७ साली. पण गावपण अंगावरून पुरतं उतरलेलं नव्हतं. गॅलरीतून शेतं दिसायची. रात्री टिटवी ओरडायची. थंडीत मुळा-मुठेच्या अंगानं धुकं वर यायचं आणि दुधाची किटली घेऊन येणारा गावातला माणूस दारात दोन मिनिटं टेकून हवापाण्याच्या गोष्टी करून जायचा.

त्या शेतांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. माझा मुलगा त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याची मला सोय नाही. सकाळी सहाला मिक्सरची गाडी घरघरत येते, आठपासून हॉर्न सुरू होतात, रात्री उशिरापर्यंत पाण्याचे टँकर मागे घेतानाची पिपाणी वाजत राहते. टिटवी कुठे गेली, असं मी एकदा वैतागून म्हणालो. तेव्हा सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, ती ज्या शेतात अंडी घालायची त्याच शेतावर आपण राहतो."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खराडीची शांतता कुणी एका दुष्ट माणसानं पळवून नेली नाही. आमच्यासारखे हजारो सज्जन लोक ती शांतता विकत घ्यायला आले आणि येताना प्रत्येकानं आपापली मोटार, आपापला टँकर आणि आपापलं बांधकाम बरोबर आणलं. कुणीच काही मोडलं नाही. कुणी काही राखलंही नाही.

आता हीच माणसं, म्हणजे आम्हीच, शनिवार-रविवारी डोंगराकडे निघतो. लोणावळा, पाचगणी, महाबळेश्वर, पन्हाळा, भंडारदरा. घाटात मोटारींची रांग लागते, रांगेत गाणी लागतात, आणि वर पोचल्यावर जो तो म्हणतो, 'काय शांत आहे नाही!' थंड हवेच्या लहानशा गावाची ही ओढ नेमकी कशाची असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हवा तर आता खोलीतही गार करता येते. डोंगर पडद्यावर घरबसल्या दिसतो. मग माणूस दीडशे किलोमीटर जातो तो कशासाठी? माझं उत्तर असं आहे की, जिथे आपल्याला कुणी घाईत गाठत नाही अशा जागी दोन दिवस राहावं, आपलंच पाऊल आपल्याला ऐकू यावं, यासाठी. आणि हे उत्तर मला जिथे सापडलं, त्या गावाची गोष्ट आज सांगायची आहे. गाव तुमच्या ओळखीचं आहे. माथेरान.

माथेरानला मी पहिल्यांदा गेलो तो सहलीला नव्हे, बँकेच्या कामानं. १९८९ साली माझी बदली कर्जत तालुक्यातल्या एका शाखेत होती. त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून गरिबांना कर्जं दिली जात. कुणाला म्हैस, कुणाला शेळ्या, कुणाला शिलाईयंत्र. माथेरानच्या एका माणसानं कर्ज घेतलं होतं घोड्यासाठी. घेतलेलं तारण खरोखरच अस्तित्वात आहे की नाही हे पाहणं माझं काम. म्हणून मी नेरळहून टॅक्सीनं निघालो आणि दस्तुरी नाक्यावर उतरलो. टॅक्सी तिथेच थांबली. पुढे मोटार जात नाही, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ पन्नास पावलं चालल्यावर कळला. इंजिनाचा आवाज मागे राहिला, आणि एकदम कान उघडल्यासारखं झालं. तांबड्या मातीवर पावलांचा आवाज. वर झाडीत माकडांची धुसफूस. दूर कुठे तरी घोड्याची टाप. बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची ती वाट मी इतक्या हळू चाललो की, तारणदार मला शोधत उलट वाटेनं आला.

घोडा उत्तम होता. मी कागदावर तशी नोंद केली. मालक म्हणाला, "साहेब, बसून तर बघा." तारणावर बसण्याची माझ्या नोकरीतली ती पहिली आणि शेवटची वेळ.

त्याच मुक्कामात आणखी एक माणूस मला भेटायला आला. हातरिक्षा ओढणारा. ज्यांनी माथेरान पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : मोटारीला बंदी असल्यामुळे म्हातारी माणसं, आजारी माणसं, आणि ज्यांना चालायचं नाही अशी धडधाकट माणसंही तिथे हातरिक्षात बसत. चढावर तिला तीन माणसं लागत. एक पुढून ओढणारा, दोघं मागून रेटणारे. हा माणूस दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्यानं ओढत होता. त्याला स्वतःची हवी होती. रक्कम फार मोठी नव्हती. मी त्याला विचारलं, "तू आजारी पडलास तर हप्ता कोण भरणार?" तो म्हणाला, "आजारी पडलो तर साहेब, हप्ताच काय, पोरांचं पोटही कुणी भरणार नाही. म्हणून तर स्वतःची पाहिजे."

बँकेच्या दृष्टीनं त्या धंद्याचं यंत्र म्हणजे त्याचं शरीर होतं, आणि ते तारण ठेवता येत नाही. मी अर्जावर लिहिलं : 'उत्पन्नाची शाश्वती नाही. नामंजूर.' खाली सही केली. त्यात कुणाचा दोष काढायचा नाही. पेन माझं होतं. त्या रात्री माथेरानच्या निवांतपणात मला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. ही गोष्ट मी पुढे अनेकांना कौतुकानं सांगत असे. त्या झोपेचा आणि त्या नामंजूर अर्जाचा काही संबंध आहे, हे कळायला मला पुढची पस्तीस वर्षं लागली.

माथेरान जगाच्या कागदांत आलं ते १८५० साली, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेला तेव्हा. 'शोध लावला' असं आपण म्हणतो. पण त्याच्या आधीही त्या डोंगरात धनगर आणि ठाकर राहत होतेच, त्यांनी शोध लागल्याची वाट पाहिली नव्हती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वस्ती आकाराला आली. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांनी आणि शेठजींनी बंगले बांधले. वर जायला घोडा, पालखी किंवा पाय. मग सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं रेल्वे बांधायला घेतली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ साली काम सुरू केलं आणि १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर पोचली. नेरळ ते माथेरान हे वीस-एकवीस किलोमीटरचं अंतर ती दोन तासांच्या वर वेळ घेऊन कापते. अडीच हजार फूट चढायचे तर वळसे घ्यावेच लागतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत घेत ती जाते. २००५ च्या जुलैतल्या पावसानं तिचे रूळ वाहून नेले, २०१९ च्या पावसानं पुन्हा. आणि दोन्ही वेळा ती उठून उभी राहिली. नेरळपासूनची पूर्ण फेरी २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली.

बाकीच्या थंड हवेच्या गावांत आधी रेल्वे किंवा रस्ता गेला, मग मोटार गेली आणि मोटारीमागून सगळंच गेलं. माथेराननं मोटारीला नाक्यावर थांबवलं. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर आत मोटार नाही. २००३ साली केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि त्या जुन्या वहिवाटीला कायद्याचा कणा मिळाला. त्या गावाचं सगळं आकर्षण या एका नियमावर उभं आहे. पॅनोरमा पॉइंट, लुईझा पॉइंट, एको पॉइंट, शार्लोट तळं, हे सगळं सुंदर आहेच. पण तसे कडे आणि तशी दरी सह्याद्रीत ठिकठिकाणी आहे. कड्यावर उभं राहिल्यावर मागे हॉर्न वाजत नाही, ही गोष्ट मात्र दुर्मिळ आहे. निसर्गानं डोंगर दिला. शांतता माणसांनी राखली.

आणि राखणं म्हणजे काय, ते पाहुण्याला दिसत नाही. मोटार येत नाही म्हणजे सामान यायचं थांबत नाही. तुम्ही हॉटेलात ज्या गादीवर झोपता ती, ज्या गॅसवर तुमचा चहा उकळतो ते सिलिंडर, गहू, तांदूळ, बटाटे, घर बांधायची वीट, हे सगळं नाक्यापासून आत येतं ते घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा माणसाच्या डोक्यावरून. उतारावरच्या वाड्यांतल्या बाया भाजीची पाटी घेऊन पायवाटेनं चढून येतात. शाळेत जाणारं पोर चालत जातं. घरातलं म्हातारं माणूस रात्री आजारी पडलं तर काळजी आपल्यापेक्षा मोठी असते. आपण दोन दिवस ज्याला शांतता म्हणतो, त्याला तिथली चार-साडेचार हजार माणसं बारा महिने गैरसोय म्हणून सोसत असतात. आपला आनंद हा त्यांच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडलेला असतो.

या डोंगरानं एक माणूस असा दिलेला आहे ज्याला हा हिशेब फार लवकर कळला होता. हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल. १९१२ साली माथेरानात, न्हाव्याच्या घरात जन्म. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. सावकाराच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यांना अडीच्या दिवसांत धान्य उसनं मिळावं म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. शाळा काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले. त्यांच्या धान्यकोठीबद्दल वाचलं तेव्हा मला माझा नामंजूर अर्ज आठवला. ज्याच्याकडे तारण नाही त्यालाच उसनं देण्यासाठी त्यांनी ती काढली होती. मी शिकून-सवरून, नियमांचं पुस्तक हातात धरून, त्याच डोंगरावर उलटा निर्णय देऊन आलो होतो.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही दोघं पुन्हा माथेरानला गेलो. कर्जतला उतरून लोकलनं नेरळ, तिथून छोट्या गाडीनं वर. सौ. चे गुडघे आता तिचं ऐकत नाहीत. पहिल्या दिवशी ती बाजारात फिरली, चिक्की घेतली, चपला घेतल्या. दुसऱ्या दिवशी मात्र तिला कडा पाहायचा होता आणि तेवढं चालणं तिला शक्य नव्हतं. आम्ही रस्त्याच्या कडेला घुटमळत होतो, तोच हातरिक्षा समोर येऊन उभी राहिली. ओढणारा माणूस साठीला टेकलेला असावा. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा.

ती म्हणाली, "नको. माणसानं ओढायचं आणि मी बसायचं, मला नाही जमणार."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागावला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्यासारखी चांगली माणसं बसत नाहीत. मग उरतात ती दुसरी. तुम्ही नाही बसलात म्हणून माझं ओढणं सुटत नाही, नुसती आजची मजुरी सुटते."

ती काही बोलली नाही. मुकाट्यानं बसली. मी मागून चालत होतो. चढ लागला, मागच्या दोघांचा श्वास ऐकू यायला लागला. त्या गावात दुसरा आवाज नसतो, त्यामुळे श्वास फार स्पष्ट ऐकू येतो. मला राहवेना, मीही हात लावला. पुढचा माणूस मान न वळवता म्हणाला, "साहेब, हात नका लावू. तोल जातो."

कड्यावर पोचलो. खाली दरीत ऊन पडलं होतं. मी पाहत होतो, पण मला दिसत काहीच नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी ज्याचा अर्ज मी फेटाळला तो हा नव्हे, हे मला ठाऊक होतं. पण हाही त्याच वाटेवरून, तेच ओझं ओढत होता. मधल्या काळात मी तीन बढत्या घेतल्या, चार कादंबऱ्या लिहिल्या, खराडीत फ्लॅट घेतला. त्याच्या वाट्याला आलं ते एवढंच, की खाली बसणारी माणसं वजनानं वाढली.

हा प्रश्न तोपर्यंत सर्वोच्च न्यायालयात पोचलेला होता. २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयानं माथेरानात विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवायला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात त्या पहिल्यांदा धावल्या. शाळेची पोरं त्यात बसून शाळेत गेली. त्यावर गावात वाद झाले. घोडेवाल्यांना पोटाची काळजी वाटली. काहींना वाटलं, आज विजेची रिक्षा आली, उद्या हळूच मोटार येईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. खराडीचा माणूस तर नेणारच नाही. नियमाला एकदा भोक पडलं की त्यातून काय काय आत येतं, ते आम्ही पाहिलेलं आहे.

मग ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं निकाल दिला : माणसानं माणसाला ओढणं ही अमानुष प्रथा आहे, माथेरानातल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना करा, आणि पैसा नाही ही सबब सांगू नका. ती बातमी मी सकाळी गॅलरीत वाचली. आनंद झाला आणि पाठोपाठ जुन्या सवयीनं एक शंकाही आली. बँकेत मी पाहिलेलं आहे : मंजुरीपत्र निघणं वेगळं आणि पैसे माणसाच्या हातात पडणं वेगळं. या निकालाचं मोल एकाच गोष्टीवर ठरायचं. नव्या रिक्षाची किल्ली कुणाच्या खिशात जाते? आयुष्यभर दांडी धरलेल्या हातात, की ज्याला चार पैसे गुंतवायचे आहेत त्याच्या? ज्याला तारण नाही म्हणून माझ्यासारख्या कुणी एकदा परत पाठवलं, त्याला दुसऱ्यांदा परत पाठवलं जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि यात गावाची शांतता जाईल, असं मला वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याला झेरमाट नावाचं गाव आहे. बाहेरून येणाऱ्या मोटारी अलीकडच्या टेश या गावी थांबतात, तिथून पुढे रेल्वे. गावात विजेवरची लहान वाहनं फिरतात. जगभरची माणसं तिथे जातात आणि त्या निवांतपणाचे चांगले घसघशीत पैसे मोजतात. मोटारबंदी आणि माणसाची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एका गावात नांदू शकतात. त्यासाठी नियम मात्र कडक हवा आणि खर्च पाहुण्यानं उचलायला हवा.

आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांत गणलं गेलं आणि फुलं पाहायला आलेल्या गर्दीनंच फुलं तुडवायला सुरुवात केली. तेव्हा रोजच्या पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, आगाऊ नोंदणी आली. सुरुवातीला लोक कुरकुरले. पण त्या मर्यादेमुळे फुलांना श्वास घ्यायला जागा मिळाली. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत अशी पंचवीस ठिकाणी पुस्तकं मांडली. कुणाच्या तरी ओसरीवर बसून पाहुणा पुस्तक वाचतो, आणि वाचणारा माणूस फारसा आवाज करत नाही. पाहुण्याला गप्प बसवण्याची इतकी सुसंस्कृत युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

या साऱ्यांत एक समान धागा आहे. जे गाव पाहुण्याला 'या, हवं ते करा' असं म्हणतं, त्याच्याकडे दहा-पंधरा वर्षांनी दाखवायला काही उरत नाही. जे गाव 'या, पण इथे थांबा, इथून पुढे असं वागा' असं सांगतं, तिथे माणूस पुन्हा पुन्हा जातो. आपल्या घरी आलेल्या पाहुण्यालाही आपण चपला बाहेर काढायला लावतोच की. त्यात त्याचा अपमान नसतो, घराचा मान असतो.

म्हणून या हिवाळ्यात, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही कुठल्याही डोंगरगावाला जाल तेव्हा एवढं करा. तिथला भाव ठरवताना एक गोष्ट मनात धरा, की खोलीच्या भाड्यात शांतता धरलेली नसते. ती दुसऱ्या कुणी तरी आपल्या पाठीवर वाहून आणलेली असते. ओझेवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. सामान थोडं न्या. आणि मुलांना कडा दाखवाल तशी तो कडा राखणारी माणसंही दाखवा. नाही तर मुलं समजतील की, शांतता ही नळाच्या पाण्यासारखी असते; तोटी सोडली की येते. खराडीतल्या मुलांना तर नळाचं पाणीही तसं येत नाही हे ठाऊक आहे. धरण कुठे, पाणी कुठे. आमचं पाणी खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणातून येतं, आणि तिथेही ज्यांच्या जमिनी गेल्या अशी गावं आहेत.

शेवटची गोष्ट घरची आहे. माथेरानहून आल्यावर मला स्वस्थ बसवेना. सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला : रविवारी सकाळी आठ ते बारा सगळ्या मोटारी फाटकाबाहेर थांबाव्यात, आतला रस्ता मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना चालायला मोकळा असावा. आमचा स्वतःचा दस्तुरी नाका. लोकांना कल्पना आवडली. टाळ्याही पडल्या. अनुमोदन मिळालं, आणि मी खुशीत खाली उतरलो.

फाटकाशी आमचा वॉचमन उभा होता. मराठवाड्यातून आलेला, साधारण पन्नाशीचा. त्यानं अदबीनं विचारलं, "साहेब, गाड्या बाहेर थांबल्यावर भाजीच्या पिशव्या, पाण्याचे जार, म्हाताऱ्या माणसांच्या बॅगा फाटकापासून लिफ्टपर्यंत कोण नेणार?"

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ठराव मी परत घेतलेला नाही. तो पुन्हा लिहायला घेतला आहे. ढकलगाड्या दोन, त्याचा खर्च सगळ्या सभासदांनी मिळून. आपलं ओझं ज्यानं त्यानं न्यायचं. ज्यांना जमत नाही त्यांचं शेजाऱ्यानं. वॉचमननं फक्त फाटक सांभाळायचं. ही कलमं मी या वेळी वर घातली आहेत. मोटारी बाहेर थांबवायचं कलम त्यांच्या खाली येईल.